सिकलसेल : जुनी गोळी, नवी औषधे आणि त्यांमागचे रसायन

पळसपान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. सेंद्रिय रसायनाचा पहिला तास घेताना फ्रीडरिश वोलर यांचा १८२८ चा प्रयोग सांगावाच लागतो. अमोनियम सायनेट तापवले आणि युरिया मिळाला, म्हणजे सजीवाच्या शरीरात तयार होणारा पदार्थ काचेच्या भांड्यात तयार झाला, एवढे मुले वहीत लिहून घेतात आणि मोकळी होतात. या वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, माझा लहान भाऊ जी कॅप्सूल घेतो तिच्यावर हायड्रॉक्सियुरिया लिहिले आहे. वावरात टाकतो तोच युरिया का?" तास संपल्यावर कळले की तिच्या भावाला सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे, पॅटर्न एसएस (म्हणजे सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलेले), आणि 'हे खताचे औषध आहे' असे घरी कोणीतरी सांगितल्यामुळे तीन आठवड्यांपासून त्याची कॅप्सूल बंद आहे.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे मुलाला त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवा, एवढेच त्या घरी जाऊन सांगितले. त्या मुलीचा प्रश्न मात्र माझ्याच विषयाचा होता, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहितो.

युरियाच्या रेणूत मधोमध कार्बन असतो, त्याला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेला असतो आणि दोन्ही बाजूंना एकेक अमिनो गट असतो. या दोन गटांपैकी एकावरचा एक हायड्रोजन काढून तिथे ओ.एच. बसवला की हायड्रॉक्सियुरिया होतो. १८६९ मध्ये जर्मनीत ड्रेस्लर आणि स्टाइन यांनी तो पहिल्यांदा तयार केला, आणि त्यांची कृती वोलर यांच्या कृतीची सख्खी बहीण शोभावी अशी होती : सायनेट तेच, फक्त अमोनियाच्या जागी हायड्रॉक्सिलअमाइन. युरियाचा रेणुभार ६०, याचा ७६. म्हणजे फरक एका ऑक्सिजनचा. पण एका ऑक्सिजनचा फरक किरकोळ समजू नये. पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यातही तेवढाच फरक आहे, आणि तहान लागल्यावर दुसरे कोणी पीत नाही. तेव्हा पऱ्हाटीला देतो तो ४५ किलोच्या पोत्यातला युरिया वेगळा आणि कॅप्सूलमधला पदार्थ वेगळा, नाव जरी एका घराण्यातले असले तरी.

हे सांगून झाल्यावर मलाच पुढचे प्रश्न पडू लागले. गेल्या सात-आठ वर्षांत सिकलसेलवर नवी औषधे निघाली, जनुक दुरुस्त करण्याचे उपचार आले, एक औषध आले आणि परतही गेले. या सगळ्यांतून आपल्या भागातल्या रुग्णाच्या हाती काय लागते, यावर येथील जाणकारांनी लिहावे, यासाठी हा धागा.

काचनळी

उत्तम विषय, सर. मी चंद्रपूर जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. औषधाच्या आधी तपासणी येते, म्हणून तिच्याबद्दल थोडे लिहितो.

आश्रमशाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून आम्ही सोल्युबिलिटी टेस्ट करीत असू. छोट्या नळीत सोडियम डायथायोनाइट असलेले द्रावण घ्यायचे, त्यात बोटातून काढलेले रक्त सोडायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. डायथायोनाइट रक्तातला ऑक्सिजन ओढून घेते. ऑक्सिजन गेला की सिकल हिमोग्लोबिन विरघळलेले राहू शकत नाही आणि द्रावण गढूळ होते. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मुले रांगेत उभी राहून स्वतःच रेघा मोजू लागत आणि एखाद्याच्या नळीत रेघा नाहीशा झाल्या की रांग एकदम गप्प होई.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यात भेद करीत नाही. एएस (एकच सदोष जनुक असलेला वाहक) असो की एसएस (रुग्ण), नळी दोघांचीही गढूळच होते. त्यामुळे पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावीच लागते, आणि पूर्वी तो रिपोर्ट जिल्ह्याहून येईपर्यंत कुटुंब अर्धवट माहितीवर जगत असे. तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट तर करूच नये, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते आणि चाचणी खोटा दिलासा देते. आता प्रतिपिंडांवर चालणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या रेघा उमटतात आणि एए (निरोगी), एएस, एसएस हे काही मिनिटांत जागेवरच कळते. माझ्या मते प्रत्यक्ष गावात पोहोचलेली सर्वांत मोठी सुधारणा हीच आहे.

नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांबद्दलचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली प्रसिद्ध केला होता. म्हणजे विदर्भाला हा आजार माहीत होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले १ जुलै २०२३ ला, मध्य प्रदेशातील शहडोल येथून. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. मधल्या काळात आम्ही नळ्या धूत होतो.

कास्तकार_मारेगाव

मास्तर, तुम्ही लिहिले ते वाचून मला माझ्या घरचे दिवस आठवले. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, एसएस. तिला हायड्रॉक्सियुरिया सुरू करायचे ठरले तेव्हा माझ्या आईने डॉक्टरांनाच विचारले होते, "पोरीले हे गोळी जलमभर घ्या लागन का?" डॉक्टर हो म्हणाले आणि आई रस्ताभर बोलली नाही. त्याहून वाईट पुढे घडले. एका मोठ्या शहरातल्या औषध दुकानदाराने चिठ्ठी पाहून, आमच्या तोंडावर, 'ही तर कॅन्सरची गोळी आहे, तुम्हाला कोणी दिली?' असे विचारले. मुलगी शेजारीच उभी होती. पुढचे दोन महिने तिला असेच वाटत होते की आपल्याला कॅन्सर आहे आणि बाबा लपवत आहेत.

असो. माझा प्रश्न वेगळा आहे. जीन थेरपीने सिकलसेल कायमचा बरा होतो असे संदेश व्हॉट्सॲपवर येतात. ते खरे आहे का? आणि खरे असेल तर त्यासाठी किती एकर विकावे लागेल?

पळसपान

कास्तकार भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'बऱ्याच अंशी हो' असे आहे आणि दुसऱ्याचे उत्तर ऐकून तुम्ही हसाल.

आधी त्यामागचे तत्त्व. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. व्हर्नन इंग्रॅम यांनी हे १९५० च्या दशकात दाखवून दिले. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते, व्हॅलिन मात्र तेलकट स्वभावाचे असते. ऑक्सिजन सोडल्यावर हे तेलकट टोक शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन बसते, त्याचे टोक पुढच्याच्या खोबणीत, आणि असे करीत लांब दोर वळले जातात. त्या दोरांमुळे लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती या दोरात बसत नाही, उलट दोर तोडते. बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने दुखत नाही ते यामुळेच. जेनेट वॉटसन या डॉक्टरांनी १९४८ मध्येच हे निरीक्षण नोंदवले होते. बाळ वाढू लागले की बी.सी.एल.११ए नावाचे प्रथिन गॅमा साखळीचे जनुक बंद करते. हे कुलूप पुन्हा उघडता आले तर रुग्ण आपल्याच बाळपणीच्या हिमोग्लोबिनवर जगू शकेल, अशी ही कल्पना.

कॅसगेव्ही या उपचारात हेच करतात. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या कात्रीने त्या कुलपाचा लाल पेशींपुरता चालणारा खटका तोडायचा, आणि पेशी परत द्यायच्या. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला मान्यता दिली, तीही १२ वर्षांवरील रुग्णांसाठी. प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही मोठा वेदनेचा झटका आला नाही.

यातला रसायनाचा भाग बातम्यांत येत नाही, आणि मला तोच सर्वांत रंजक वाटतो. ती कात्री नेमक्या जागी नेणारा वाटाड्या, म्हणजे सुमारे १०० न्यूक्लिओटाइडांचा आर.एन.ए., कोणत्याही जिवाणूत वाढवलेला नसतो. तो यंत्रात, एकेक मणी ओवावा तसा, रासायनिक पद्धतीने जोडलेला असतो. हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेने १९७० मध्ये संपूर्ण जनुक हाताने जोडून दाखवले तेव्हा त्यामागे अनेक माणसांची अनेक वर्षे खर्ची पडली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्विन कॅरुथर्स यांनी फॉस्फोरामिडाइट पद्धत आणली आणि तेच काम यंत्राच्या आवाक्यात आले. माझ्या वर्गाला मी एक गणित घालतो : प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी होत असेल तर ९९ जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे रेणू किती उरतील? उत्तर ३७ टक्के. जोडणी ९९.५ टक्क्यांवर नेली तर ६१ टक्के. अर्ध्या टक्क्यासाठी रसायनशास्त्रज्ञ आयुष्य का वेचतात, हे त्या दिवशी मुलांना कळते.

मूळ पेशी हाडांच्या मगजातून रक्तात उतरवण्यासाठी प्लेरिक्साफॉर हे औषध देतात, जे मुळात एच.आय.व्ही. साठी तयार होत होते. आणि जुना मगज रिकामा करण्यासाठी बुसल्फान देतात, ते मात्र जहाल आहे : केस जातात, तोंड सोलते, जंतुसंसर्गाचा धोका राहतो, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. रुग्णालयात कित्येक आठवडे राहावे लागते.

आता किंमत. मान्यतेच्या वेळी अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले सुमारे १८ कोटी रुपये. आपल्या देशातही काम सुरू आहे. दिल्लीच्या सी.एस.आय.आर. च्या जीनोमिक्स संस्थेने स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली असून नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने ती जाहीर झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. ते अजून रुग्णालयात मागून मिळणारे औषध नाही. तेव्हा वावर सांभाळून ठेवा.

कास्तकार_मारेगाव

मास्तर, १८ कोटी वाचून खरेच हसलो. आमचा अख्खा शिवार विकला तरी होणार नाही. मुलीला नावामुळे 'बिरसा' आवडले.

मोहफूल

मी सेवाग्रामला शिकले आणि सध्या गडचिरोलीच्या उत्तर भागात ग्रामीण रुग्णालयात काम करते. धागा चांगला चालला आहे, म्हणून वैद्यकीय बाजू थोडी नीट मांडते. लांब होईल, त्याबद्दल क्षमा असावी.

कास्तकार दादा, त्या दुकानदाराचे बोलणे अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे बोलणे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त नुकसान करते. हायड्रॉक्सियुरिया रक्ताच्या काही कर्करोगांत दिले जाते, कारण डी.एन.ए. चे सुटे भाग तयार करणाऱ्या एका विकराला ते रोखते आणि पेशींची वाढ मंदावते. सिकलसेलमध्ये तेच औषध कमी मात्रेत दिले की मगजावर थोडा ताण येतो आणि तो गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवू लागतो. शिवाय पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतात आणि पेशींचा चिकटपणाही घटतो. म्हणजे जे काम जनुकाची कात्री कायमचे करते, त्याचा काही भाग ही कॅप्सूल रोज करते.

त्याचा पुरावा कसा मिळाला हे सांगणे आवश्यक वाटते. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. खोटी गोळी घेणाऱ्यांना वर्षाला साधारण ४.५ झटके येत होते, खरी घेणाऱ्यांना २.५. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली. १९९८ मध्ये तिथे मान्यता मिळाली. पण ते सगळे श्रीमंत देशातले. मलेरिया आणि कुपोषण असलेल्या ठिकाणी हे औषध मुलांना झेपेल का, उलट जंतुसंसर्ग वाढेल का, ही शंका राहिली होती. ती अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा येथील ६०६ मुलांवरच्या अभ्यासाने २०१९ मध्ये दूर केली : वेदना कमी झाल्या, रक्त देण्याची गरज कमी झाली, मृत्यू कमी झाले आणि मलेरियाही कमी झाला. आमच्या भागात मलेरिया आणि सिकलसेल एकाच घरात नांदतात, म्हणून तो निबंध मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. आणि खुद्द नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना किलोमागे दिवसाला केवळ १० मि.ग्रॅ. अशी ठरावीक कमी मात्रा देऊन झटके आणि रक्त देण्याची गरज घटल्याचे दाखवले. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी मात्रेचे महत्त्व असे की, दर महिन्याला रक्ततपासणी करून मात्रा वाढवत नेणे जिथे कठीण आहे तिथेही उपचार सुरू करता येतो.

आता पळसपान सरांनी उल्लेखिलेले 'आले आणि परत गेले' ते औषध. त्याचे नाव व्हॉक्सेलोटर. रसायनाच्या दृष्टीने फार देखणे : रेणूला एक अल्डिहाइड गट आहे, तो हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकावरील अमिनो गटाशी जोडला जातो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून राहते. ऑक्सिजन सुटलाच नाही तर दोर वळणार कसे? चाचणीत २७४ जण होते. १५०० मि.ग्रॅ. मात्रा घेणाऱ्या ५१ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन १ ग्रॅमहून अधिक वाढले, खोटी गोळी घेणाऱ्यांत फक्त ७ टक्क्यांचे. या आकड्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला त्वरेने मान्यता मिळाली. वेदनेचे झटके कमी झाल्याचे मात्र त्यात सिद्ध झालेले नव्हते. जे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायला तयार नाही, ते वाढून ऊतींना किती उपयोगाचे, ही शंका काही तज्ज्ञ सुरुवातीपासून विचारत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतले, कारण नंतरच्या माहितीत औषध घेणाऱ्यांमध्ये झटके आणि मृत्यू यांचे पारडे चुकीच्या बाजूला झुकलेले दिसले.

म्हणून नव्या औषधाची बातमी आली की मी एकच गोष्ट शोधते : मोजले काय? रिपोर्टातला आकडा मोजला, की माणसाचे दुखणे मोजले? मिटापिव्हॅट नावाच्या दुसऱ्या एका गोळीच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२५ च्या नोव्हेंबरात आले; तिथेही हिमोग्लोबिन वाढले, पण वेदनेच्या झटक्यांतली घट सांख्यिकीच्या कसोटीला उतरली नाही. ती गोळी वाईट आहे असे मी म्हणत नाही. मात्र 'हिमोग्लोबिन वाढवणारी नवी गोळी' हा मथळा वाचून हायड्रॉक्सियुरिया सोडून देणारा रुग्ण मी पाहिला आहे, आणि तो पुढच्या महिन्यात छातीत दुखते म्हणून स्ट्रेचरवर आला.

एक सूचना सर्वांसाठी. हे औषध आपल्या मनाने सुरू करू नये, बंद करू नये, मात्रा बदलू नये. सुरुवातीला दर महिन्याला सी.बी.सी. (रक्तपेशी मोजणारी तपासणी) हवी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरत नाहीत ना हे पाहण्यासाठी. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. ताप आला तर घरी थांबू नये.

वैनगंगा

मोहफूल ताईंनी मात्रेचे लिहिले, म्हणून औषधनिर्माता या नात्याने त्याची व्यवहारातली बाजू सांगतो. कॅप्सूल येते ५०० मि.ग्रॅ. ची. समोर असतो १५ किलोचा मुलगा, आणि चिठ्ठीवर असते दिवसाला १५० मि.ग्रॅ. आता ५०० मधून १५० कसे काढायचे?

आम्ही आईला असे शिकवतो : हातमोजे घालून कॅप्सूल उघडायची, भुकटी १० मि.ली. उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळायची, आणि सुई नसलेल्या सिरिंजने ३ मि.ली. ओढून मुलाला पाजायचे. हायड्रॉक्सियुरिया पाण्यात सहज विरघळते. तरी पाणी किंचित ढगाळ दिसते, कारण भुकटीतले काही पूरक पदार्थ विरघळत नाहीत. आयांना वाटते औषध खाली बसले, म्हणून त्या तळ ढवळून पुन्हा पाजायला बघतात. उरलेले ७ मि.ली. फेकायचे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही. गरोदर बाईने ही भुकटी हाताळायची नाही. मात्रेचा हा हिशोब उदाहरणापुरता आहे, आपल्या मुलाचा हिशोब आपल्या डॉक्टरकडूनच लिहून घ्यावा.

हे सगळे चुलीच्या उजेडात, रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन, रोज करायचे असते. एकदा एका आजीने तीनऐवजी पूर्ण दहा मि.ली. पाजले, पाच दिवस, कारण 'इतके महागाचे औषध फेकायचे कसे' हे तिला पटत नव्हते. सुदैवाने सी.बी.सी. लवकर झाली आणि मुलाला काही झाले नाही. ती चूक आजीची नव्हती. लहान मुलांसाठी पातळ औषध न बनवता त्यांना मोठ्यांची कॅप्सूल देणाऱ्या व्यवस्थेची होती. २०२४ मध्ये एका भारतीय कंपनीने साध्या तापमानाला टिकणारे पातळ हायड्रॉक्सियुरिया तयार केले आहे. आमच्या शेल्फवर ते ज्या दिवशी नियमित येईल, त्या दिवशी मी सिरिंजचे शिकवणे बंद करीन. मला विचाराल तर क्रिस्परच्या बातमीपेक्षा ही बातमी मोठी आहे. ओलाव्यात आणि उष्णतेत बिघडणारा रेणू द्रावणात टिकवून ठेवणे हेही रसायनशास्त्रच आहे, फक्त त्याला कोणी नोबेल देत नाही.

कॅप्सूलची डबी घट्ट लावून कोरड्या जागी ठेवावी. चुलीच्या फळीवर ठेवू नये.

धानपट्टा

एक विरोधी सूर लावतो. शोधग्रामच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सांगितलेली गोष्ट आहे : गडचिरोलीत आल्यावर त्यांनी आधी सिकलसेलचा अभ्यास केला, जिल्ह्यात आजार आहे हे दाखवले, आणि नंतर आदिवासी लोकांनाच विचारल्यावर कळले की ज्यावर उपाय नाही त्या आजाराची तपासणी ही लोकांची गरज नव्हती. मग आपण इथे १८ कोटींच्या कात्रीवर इतके का लिहितो आहोत?

मोहफूल

धानपट्टा, ती गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पण ती हायड्रॉक्सियुरिया या आजारावर मान्य होण्याच्या आधीची आहे. तेव्हा तपासणीनंतर हातात काहीच देता येत नव्हते. आज देता येते, त्यामुळे तोच प्रश्न लोकांना आज पुन्हा विचारायला हवा.

पळसपान

धानपट्टा यांचा आक्षेप मान्य करूनही एक संशोधन सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण त्याची एक वाट आपल्या वरोऱ्याच्या आनंदवनावरून जाते.

थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत झोपेसाठी विकायला आले, गरोदर स्त्रियांनी घेतले, हजारो मुले हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले. त्यानंतर काही वर्षांतच जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी कुष्ठरुग्णांच्या एका तीव्र प्रतिक्रियेत, ज्यात अंगावर दुखऱ्या लाल गाठी येतात, ते दिले आणि रुग्णांना आराम पडला. कुष्ठरोग्यांमध्ये काम केलेल्या आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना ही प्रतिक्रिया चांगली ठाऊक आहे. औषध नेमके करते काय, हे मात्र २०१० पर्यंत कोणालाच कळले नव्हते. त्या वर्षी जपानमधील हिरोशी हांडा यांच्या गटाने दाखवले की, ते पेशीतील सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते. सेरेब्लॉन हा पेशीचा कचरा वेचणारा मुकादम : ज्या प्रथिनाकडे बोट दाखवील ते प्रथिन मोडीत निघते. थॅलिडोमाइडसारखा रेणू डिंकासारखा मध्ये बसतो आणि मुकादमाचे बोट भलत्याच प्रथिनाकडे वळवतो. व्यंग त्यातून आले, आणि औषधही त्यातूनच आले.

आता रसायनशास्त्रज्ञ या रेणूची एकेक फांदी बदलून हे बोट हव्या त्या प्रथिनाकडे वळवू पाहतात. जुलै २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नोव्हार्टिसच्या संशोधकांनी असा एक डिंक जाहीर केला. तो डब्ल्यू.आय.झेड. नावाच्या प्रथिनाला मोडीत काढतो. ते प्रथिन गेले की गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे कुलूप सैल होते. उंदरांत आणि माकडांत हे चालले. म्हणजे क्रिस्परची कात्री, मगज रिकामा करणे, महिनाभराचे रुग्णालय यांपैकी काहीही न करता, साध्या गोळीने तेच साधण्याची शक्यता दिसते. अर्थात मोहफूल ताईंची कसोटी इथेही लागू : माकडांत हिमोग्लोबिन मोजले आहे, माणसाचे दुखणे अजून मोजायचे आहे. आणि थॅलिडोमाइडच्या घराण्यातला रेणू असल्यामुळे गरोदरपणाबद्दलची भीती पहिल्या दिवसापासून मनात ठेवावी लागेल.

वरोरा_नाका

माझे आजोबा त्या गाठींच्या प्रतिक्रियेने रात्र-रात्र विव्हळत असत, असे वडील सांगतात. त्या औषधाचा नातू सिकलसेलवर येऊ पाहतो आहे, हे आज प्रथमच वाचले.

काचनळी

सर, त्या विद्यार्थिनीच्या भावाचे पुढे काय झाले? ते लिहायचे राहिले.

पळसपान

कॅप्सूल पुन्हा सुरू झाली. मी घरी गेलो होतो तेव्हा त्याच्या वडिलांनी अंगणातले युरियाचे पोते आणि औषधाची डबी शेजारी-शेजारी ठेवून मला दोन्हींतला फरक विचारला होता. मी मातीवर काडीने दोन्ही रेणू काढून दाखवले. वडिलांना किती कळले ते सांगता येणार नाही; मुलीला कळले, आणि तिने आजीला तिच्या भाषेत सांगितले. माझ्यापेक्षा नीट सांगितले.

कास्तकार_मारेगाव

आमच्याकडचे सांगतो. काल मुलीची सी.बी.सी. झाली. मागे मोहफूल ताईंसारख्याच एका डॉक्टर बाईंनी सांगितले होते की, हे औषध नियमित पोटात जात असेल तर लाल पेशींचा आकार वाढतो आणि रिपोर्टात एम.सी.व्ही. वर चढतो, कोणी गोळी चुकवत असेल तर तो आकडा चुगली करतो. औषध सुरू करण्यापूर्वी तो ७८ होता, काल ९४ आला. नखांवर काळसर रेघा आल्या आहेत, त्याही औषधानेच येतात म्हणे. या पावसाळ्यात एकदाच दुखले, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आणि घरच्या गोळीवर भागले. मागच्या पावसाळ्यात तीनदा भरती करावे लागले होते. मुलीने दोन्ही रिपोर्ट वहीत चिकटवून ठेवले आहेत आणि ९४ वर लाल पेनने गोल केला आहे.